लाल दिवा किती मिनिटं चालतो? घरच्या डार्करूमसाठी सेफलाइट निवडणं आणि तपासणं

डार्करूम, म्हणजे फोटो धुण्याची काळोखी खोली, म्हटली की लाल दिवा, म्हणजेच सेफलाइट, आलाच, आणि लाल दिवा लागला की माणूस निर्धास्त होतो. घोळ इथूनच सुरू होतो. फोटोच्या कागदाला कितीही वेळ चालेल असा दिवा कुठल्याच कंपनीने बनवलेला नाही. फिल्टरवर नंबर छापलेला महागातला दिवासुद्धा कागदावर हळूहळू परिणाम करतोच. चांगल्या दिव्याखाली तो दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, वाईट दिव्याखाली एक पुरतं. त्यामुळे ‘हा दिवा सेफ आहे ना?’ असं दुकानात विचारून काही हाती लागत नाही. या कागदाला, या अंतरावर, हा दिवा किती मिनिटं चालतो, एवढंच विचारण्यासारखं आहे. त्याचं उत्तर तुमच्याच खोलीत, कागदाची दोन-तीन पानं खर्चून मिळतं.

पुढचं सगळं कोकणातली घरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. कौलारू छप्पर, दमट हवा, खारा वारा आणि मनाला येईल तेव्हा जाणारी लाईट या चार गोष्टी शहरातल्या माणसाने लिहिलेल्या सूचनांमध्ये नसतात.

कागदाला कुठला रंग दिसतो

कृष्णधवल कागदावरच्या चांदीच्या क्षारांना मुळात निळा आणि त्याच्या अलीकडचा अतिनील प्रकाश तेवढा दिसतो. जुना ग्रेडेड ब्रोमाइड पेपर, म्हणजे ज्याच्या पाकिटावर ग्रेड (कॉन्ट्रास्टचा आकडा) २ किंवा ३ असं छापलेलं असतं तो, जवळजवळ एवढ्यावरच थांबतो. आज आपण बहुतेक वेळा मल्टिग्रेड वापरतो. त्याला हिरवाही दिसतो. हिरव्या प्रकाशाने त्याच्यावर मऊ कॉन्ट्रास्ट येतो आणि निळ्याने कडक, म्हणून तर पिवळे आणि मॅजेंटा फिल्टर बदलून एकाच कागदावर सगळे ग्रेड मिळतात. सेफलाइट मात्र यामुळे अवघड होतो, कारण आता दिव्यातून निळा आणि हिरवा दोन्ही गाळावे लागतात.

आकड्यांत सांगायचं तर निळा साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर, हिरवा ५७० पर्यंत, अंबर ५९० च्या आसपास आणि लाल ६२० च्या पुढे. मल्टिग्रेडची नजर हिरव्याच्या शेवटाकडे क्षीण होत जाते, पण एका रेषेवर तुटत नाही. अंबर दिवा त्या शेपटाच्या जवळ आणि लाल त्यापासून लांब. मल्टिग्रेडसाठी इलफर्डचा ९०२ हा हलका तपकिरी फिल्टर आणि कोडॅकचा ओसी हा हलका अंबर फिल्टर ठरलेले आहेत. ऑर्थो फिल्मला (निळा-हिरवा दिसतो, लाल दिसत नाही अशी फिल्म) गडद लाल लागतो, इलफर्डमध्ये तो ९०६. एक्स-रे फिल्मसाठी कोडॅकचा जीबीएक्स-२ हा लाल फिल्टर असायचा.

एचपी५ किंवा ट्राय-एक्ससारख्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. रीळ धुण्याच्या टाकीत भरताना पूर्ण काळोखच हवा, तिथे कुठलाच लाल दिवा उपयोगाचा नाही. रंगीत पेपरचंही तेच समजा.

बाजारात काय मिळतं, आणि त्यातलं काय घ्यावं

झिरोचा लाल बल्ब प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत मिळतो, आणि जुने स्टुडिओवाले ‘आमचा जन्म त्याच्यावर गेला’ म्हणून सांगतात. खोटं नाही सांगत. त्यांचा ब्रोमाइड पेपर फक्त निळ्याला दाद देणारा होता. मल्टिग्रेडला तो न्याय लावता येत नाही. शिवाय झिरो हे नावापुरतं. हे बल्ब दहा-पंधरा वॉट खातात, आणि काचेवरचा लाल थर पातळ असतो. होल्डरजवळ, मानेपाशी तो विरळ होतो आणि तिथून चक्क पिवळट उजेड गळतो. नुसता झिरोचा बल्ब मल्टिग्रेडसाठी वापरू नका.

गणपतीच्या मखराला लावतात तो लाल जिलेटिन पेपर साध्या बल्बवर गुंडाळण्याचा उद्योगही करू नका. डोळ्याला लालभडक दिसतो, पण त्यातून निळ्याचा अंश निसटू शकतो, आणि उष्णतेने रंग उडतो.

कंपनीचा फिल्टरवाला दिवा जुना मिळाला तर बघून घ्या. त्यात १५ वॉटचाच बल्ब लावायचा. ‘जरा जास्त उजेड’ म्हणून चाळीसचा लावला की फिल्टर भाजतो. आत दोन काचांमध्ये रंगीत जिलेटिन असतं आणि आपल्या हवेत ते कडेने ओल धरतं, बुरशी येते, रंगाचे डाग पडतात. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. सगळीकडे सारखा गडद दिसला पाहिजे. सुईच्या टोकाएवढं फिकट भोक असलं तरी नको. धड दिसणारा फिल्टरही वर्षानुवर्षं जळून फिका झालेला असतो, म्हणून चाचणी त्यालाही चुकत नाही.

एक सुचवण: कणकवली, चिपळूणसारख्या गावांत एक्स-रे काढणाऱ्या जुन्या दवाखान्यांचं काम डिजिटल झालं आहे. त्यांच्या डार्करूममधला लाल दिवा कित्येकदा माळ्यावर पडून असतो. विचारून बघा. ज्या फिल्मला हिरवाही दिसतो तिच्यासाठी तो बनवलेला असेल तर मल्टिग्रेडलाही सहसा चालतो. उजेड मात्र अंबरपेक्षा अंधुक वाटतो.

माझा कौल एलईडीला. अस्सल एकरंगी लाल एलईडी ६२० ते ६३० नॅनोमीटरला उजळतो, काही ६६० ला. दोन्ही मल्टिग्रेडच्या नजरेपासून लांब. १२ व्होल्टची सिलिकॉनचा थर असलेली लाल पट्टी घ्या. उघडी पट्टी खाऱ्या हवेत सांध्यांना हिरवी पडते आणि एका पावसाळ्यात अर्धे दाणे मरतात. तीन गोष्टी टाळा. एक, लाल प्लॅस्टिकच्या टोपीआड पांढरा एलईडी असलेला बल्ब. दोन, रिमोटने रंग बदलणारी पट्टी. तिचा लाल खरा असला तरी लाईट जाऊन परत आली की काही कंट्रोलर आपल्या मनाने पांढऱ्यापासून सुरू करतात, आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. तीन, झाडं वाढवायचे लाल-निळे दिवे.

खरा एकरंगी कुठला हे ओळखायला जुनी सीडी पुरते. खोलीत काळोख करा, फक्त तो दिवा लावा आणि सीडीची चकचकीत बाजू त्याच्याखाली तिरकी फिरवा. उजेड फुटून रंगांचे पट्टे दिसतात. नुसता लाल दिसला तर दिवा पुढच्या फेरीत गेला. हिरव्या-निळ्याची पुसटशी झाक दिसली तर तिथेच बाद. सीडी वाईट दिवा पकडते, चांगल्याची हमी देत नाही. आपल्या डोळ्याला न दिसणारी गळती कागद मिनिटभरात साठवतो.

अंबर एलईडीखाली काम करायला मजा येते, कारण डोळ्याला तो लालपेक्षा पुष्कळ उजळ वाटतो. पण तो हिरव्याच्या शेपटाला लागून, त्यामुळे चाचणी कसून घ्यायला हवी. नवशिक्याने लालच घ्यावा.

आधी खोली, मग दिवा

जुन्या कोकणी घरात माजघराला लागून बाळंतिणीची खोली असते. एकच झरोका, जाड भिंती, भर दुपारी काळोख. डार्करूमला याहून चांगली जागा बांधूनही मिळणार नाही. घरातल्या मोठ्यांची परवानगी काढणं हाच काय तो कठीण भाग. न्हाणीघर पाण्याच्या दृष्टीने बरं, पण तिथे ओल फार आणि कागद फार काळ बरा राहत नाही.

छपराकडे बघा. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून दिवसा उजेडाच्या सुया येतात, आणि कुठेतरी एक काचेचं कौल घातलेलं असतंच. शेतीच्या दुकानात मिळणारा मल्चिंगचा काळा प्लॅस्टिक कागद दुहेरी करून वर ताणला की काम भागतं. ताडपत्रीवर भरवसा ठेवू नका, उन्हात तिची वीण दिसते. सोपा उपाय म्हणजे रात्री काम करणं.

मग सगळे दिवे घालवून दहा-पंधरा मिनिटं आत नुसते बसा. शेजारची काकी ‘काळोखात काय करतंस रे?’ म्हणून विचारील, विचारू दे. डोळे सरावले की गळती एकेक करून दिसायला लागते: दाराखालची फट, इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, डासांच्या मशीनचा दिवा, टायमरचे आकडे, मनगटावरचं घड्याळ. हिरवे आणि निळे ठिपके चिकटपट्टीने झाका. मे अखेरीस, मिरगाच्या आधी, काजवा आत शिरला तर त्याला हाकला. त्याचा हिरवट-पिवळा उजेड मल्टिग्रेडला दिसतो.

दिवा कुठे टांगावा

कागदापासून निदान १.२ मीटर, म्हणजे चार फूट. अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो, हे विसरून लोक डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) ट्रेवर हातभर उंचीला दिवा लटकवतात आणि मग कागदाला दोष देतात. सरळ खाली रोखण्यापेक्षा भिंतीवर मारा. परतून आलेला उजेड खोलीभर सारखा पसरतो आणि मंदही होतो. दोन दिवे लावले तर दोघांचा उजेड मिळून मोजला जातो, म्हणून चाचणी दोन्ही लावूनच करायची.

फिलामेंटचा बल्ब असेल तर व्होल्टेजकडे लक्ष हवं. संध्याकाळी मिणमिणणारा बल्ब रात्री अकरानंतर, गावातले पंखे-पंप थंडावले की चढतो. व्होल्टेज दहा टक्के वाढलं तर उजेड तीसेक टक्क्यांहून अधिक वाढतो. अशा दिव्याची चाचणी मध्यरात्रीच करा. अ‍ॅडाप्टरवरच्या एलईडीला ही कटकट नाही.

नाण्याची चाचणी का फसवते

बहुतेकांना ठाऊक असलेली चाचणी अशी: कोऱ्या कागदावर नाणं ठेवा, सेफलाइटखाली पाच मिनिटं राहू द्या, डेव्हलप करा. नाण्याचा ठसा उमटला नाही तर दिवा चांगला. ही चाचणी नापास झाली तर दिवा नक्की वाईट. पास झाली तर काहीच सिद्ध होत नाही.

कारण कागदाला एक उंबरठा असतो. पहिला थोडा प्रकाश तो गिळतो आणि पांढराच राहतो. तापलेल्या जांभ्या कातळावर पहिली सर नुसती मुरते, पाणी वाहायला लागतं ते कातळ भिजल्यावर, तसंच इथे. कोऱ्या कागदावर सेफलाइटचा उजेड मुरून जातो. पण निगेटिव्हमधून प्रकाश मिळालेला कागद आधीच उंबरठ्यावर उभा असतो. त्याच्यावर तोच मंद उजेड पडला की राखाडी छटा लगेच गडद होते.

म्हणूनच प्रिंटमध्ये हा दोष ओळखायला चकवतो. ईझलच्या (कागद सपाट धरणाऱ्या चौकटीच्या) पट्ट्यांखालची कड पांढरीशुभ्र राहते आणि आपण म्हणतो, फॉग (नको असलेला काळवंडलेपणा) नाही. मात्र धोतराच्या चुण्या, लाटांचा फेस, ढगांच्या कडा यांतलं तेज मारलं गेलेलं असतं. चित्र मळकट दिसतं, म्हणून माणूस अर्धा ग्रेड चढवतो, मग आणखी अर्धा, आणि दिव्यावर संशयच येत नाही.

खरी चाचणी

आधी कागदाची खातरजमा करा, विशेषतः तो जुना असेल तर. बंद पडलेल्या स्टुडिओंमधून उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ पेपरची पाकिटं अजूनही निघतात. सरावाला मौल्यवान, पण वयाने काळवंडलेली असू शकतात. पूर्ण काळोखात दोन पट्ट्या कापा. एक डेव्हलप करून हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात), दुसरी सरळ हायपोत. धुऊन वाळल्यावर शेजारी ठेवा. पहिली राखाडी दिसली तर तो कागदाचा दोष, सेफलाइटचा नाही. तिसरी पट्टी नाणं ठेवून दहा मिनिटं काळोखात, सेफलाइट न लावता, पडू द्या आणि डेव्हलप करा. ठसा उमटला तर खोलीच गळते आहे.

आता राखाडी छटा शोधायची. एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) निगेटिव्ह नको, डोकं वर चढवलेलं, लेन्स एफ/१६ ला, नेहमीचा ग्रेड २ चा फिल्टर लावलेला. सेफलाइट बंद. एकेक सेकंद वाढवत टेस्ट स्ट्रिप काढा आणि काळोखातच डेव्हलप करा. पांढऱ्याहून स्पष्ट वेगळी, तरीही फिकी राखाडी येईल तो वेळ टिपून ठेवा. पहिल्याच सेकंदाला गडद आली तर डोकं आणखी वर न्या.

नवा कागद काढा, अजून काळोखच. कात्रीने एक कोपरा कातरा, म्हणजे कुठली बाजू कुठली ते बोटांना कळेल. कागद लांबीत अर्धा पुठ्ठ्याने झाका आणि उघड्या अर्ध्याला टिपलेला वेळ द्या. आता एक अर्धा कोरा आहे आणि दुसरा उंबरठ्यावर.

हा कागद डेव्हलपरच्या ट्रेशेजारी, जिथे तो एरवी असतो तिथे, चकचकीत बाजू वर करून ठेवा. आडवा पुठ्ठा धरून दोन्ही अर्ध्यांची मिळून एक पट्टी झाका. ती शेवटपर्यंत झाकलेलीच राहणार, तुलना तिच्याशी करायची आहे. सेफलाइट लावा. एक मिनिटाने पुठ्ठा एक पट्टी पुढे सरकवा, आणखी एका मिनिटाने पुढे, मग दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. म्हणजे पट्ट्यांना अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ मिनिटं मिळतात. आधीची झाकलेली पट्टी उघडी पडू देऊ नका, पुठ्ठा तेवढा रुंद घ्या.

सेफलाइट बंद करा आणि काळोखात पूर्ण वेळ डेव्हलप करा, मग स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), मग हायपो. डेव्हलपर साधारण २० अंशांसाठी सांगितलेला असतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशी गाठतं. गरम डेव्हलपर स्वतःच फॉग आणू शकतो. बर्फाची बंद बाटली ट्रेबाहेरच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवा.

हेच सगळं दुसऱ्या कागदावर उलट क्रमाने करा: आधी सेफलाइटच्या पट्ट्या, नंतर राखाडीचा एक्सपोजर. दोन निकाल नेहमी सारखे येत नाहीत. चित्र उमटवल्यानंतर पडणारा उजेड जास्त जाचतो, असं बहुधा दिसेल. दोघांतला कमी आकडा आपला.

निकाल वाचणं

वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघा, ओल्या कागदावर बारीक फरक लपतो. राखाडी अर्ध्यात झाकलेल्या पट्टीपासून सुरू करा आणि पहिली रेघ कुठे दिसते ते पाहा. समजा ८ मिनिटांच्या पट्टीला कड दिसते, ४ च्या नाही. तुमची मर्यादा ४ मिनिटं. कोऱ्या अर्ध्यातही रेघा दिसल्या तर दिवा ताबडतोब काढून टाका.

आता गरज मोजा. पाकिटातून कागद काढणं, ईझलवर बसवणं, एक्सपोजर, डेव्हलपर, स्टॉप. आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) पेपरला डेव्हलपर मिनिटभर, म्हणजे सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत. फायबर पेपर (प्लॅस्टिकचा थर नसलेला) डेव्हलपरमध्येच दोन-तीन मिनिटं असतो, आणि बर्निंग-डॉजिंग (चित्राच्या काही भागांना जास्त, काहींना कमी प्रकाश देणं) करणारा माणूस सहज सहापर्यंत जातो. आरसीवाल्याला ४ मिनिटांचा दिवा पुरतो, फायबरवाल्याला नाही.

कमी पडला तर लगेच नवा दिवा आणू नका. अंतर वाढवा. थेट उजेडाचा दिवा १.२ मीटरवरून १.७ मीटरवर नेला की उजेड निम्मा होतो आणि वेळ जवळपास दुप्पट मिळतो. भिंतीवर वळवा, एलईडीची पट्टी अर्धी कापा. हे सगळं करूनही दोन मिनिटांच्या पुढे जात नसेल तर रंगच चुकीचा आहे.

एन्लार्जरच्या लेन्सखाली फिरवून आणायचा लाल फिल्टर असतो, तोही सेफलाइटच. कागद जुळवताना आपण त्याच्या भरवशावर एन्लार्जरचा दिवा चालू ठेवतो. राखाडी दिलेल्या कागदावर नाणं ठेवून त्याखाली अर्धं मिनिट, एक मिनिट असं तपासा.

सेफलाइटखाली प्रिंट असते त्यापेक्षा गडद वाटते. तेवढ्यावरून ती डेव्हलपरमधून लवकर उचलू नका, घड्याळ धरा.

पुन्हा कधी

कागदाचा ब्रँड बदलला, बल्ब बदलला, दिवा हलवला, की पुन्हा चाचणी. जिलेटिनचा फिल्टर असेल तर दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास. निकाल दिव्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा: कागद, अंतर, मिनिटं, तारीख. लाल मार्कर नको, लाल उजेडात लाल अक्षर दिसत नाही.

आणि विजेचं. ओले हात, हायपोचे थेंब आणि गंजलेला पत्र्याचा दिवा हे एकत्र आले की फोटो बाजूला राहतो. २३० व्होल्टचा दिवा असेल तर अर्थिंग तपासून घ्या, खोलीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा, आणि स्विच ट्रेच्या हातापासून लांब, शक्यतो दोरीने ओढायचा ठेवा. १२ व्होल्टच्या पट्टीचा अ‍ॅडाप्टर कोरड्या बाजूला, भिंतीवर उंच.